प्रवाळाचं दुखणं पाण्यात असतं



बदलापूरच्या मांजर्लीत, उल्हास नदीच्या काठी बसून समुद्रातल्या प्रवाळावर बोलायचं, ही वसंत व्याख्यानमालेसाठी जरा वेगळीच निवड आहे. पण खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची हौस समुद्र जवळ आहे की लांब, हे बघत नाही. आणि त्या टाकीतलं मऊ प्रवाळ एका सकाळी मान टाकून पडलेलं दिसलं, की बदलापूर काय नि वरळी काय, पहिला प्रश्न एकच असतो : ‘औषध कुठलं घालू?’ माझं आजचं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो.

आधी रोगी ओळखून घेऊ. मऊ प्रवाळ ही असंख्य छोट्या जीवांची वसाहत. प्रत्येक जीवाला, म्हणजे पॉलिपला, आठ स्पर्शिका. दगडी प्रवाळासारखा चुन्याचा सलग सांगाडा याला नसतो. मांसात चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात आणि अंग फुगतं ते पाण्यानं. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा या यजमानाला मिळतो. म्हणजे पाणी आणि उजेड यांपैकी काहीही बिघडलं, की ते पहिल्यांदा याच्या अंगावर दिसतं.

आता लक्षणं. हौशी लोक ज्याला लेदर कोरल म्हणतात, ते सार्कोफायटन अधूनमधून मिटतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतं आणि कित्येक दिवस एकही पॉलिप बाहेर काढत नाही. हा आजार नाही, ते कात टाकतंय. प्रवाह थोडा वाढवा, पापुद्रा निघून जाईल. रंग उडून पांढरं पडलं, तर आतलं शैवाल निघून चाललं आहे. कारण बहुधा उष्णता किंवा एकदम वाढलेला उजेड. बुंधा काळपट पडला, बोट लावताच मांस सुटून आलं आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर मात्र ती कुज आहे आणि तिथे वेळ दवडायचा नाही.

कुज असो वा नसो, सुरुवात पाण्यापासून. तापमान २५-२६ अंश, क्षार लिटरला साधारण ३५ ग्रॅम, अमोनिया शून्य. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. वरून पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण ते बाष्पीभवनानं उतरतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टाकीतलं ५ लिटर पाणी उडालं, तर ३५चे जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. अशा वेळी तूट खाऱ्या पाण्यानं भरून काढणारे बरेच जण भेटतात. तूट गोड्या पाण्यानं भरायची, तीही रोज थोडी थोडी. आणि नळाचं पाणी सरळ ओतायचं नाही. त्यातलं क्लोरिन तुमच्या-माझ्या पोटासाठी असतं, प्रवाळासाठी नाही. त्याला आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो आणि वीजही जाते. त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

दुसरा संशयित म्हणजे शेजारी. सार्कोफायटन, सिन्युलेरिया ही मंडळी दिसायला गरीब, पण पाण्यात टर्पिन जातीची विषारी रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतात. त्यावर उपाय स्वस्त आहे : अंतर ठेवा, चांगला सक्रिय कोळसा वापरा, तो वेळच्या वेळी बदला.

एवढं करूनही कुज सरकत असेल, तर शस्त्रक्रिया. टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला. धारदार, स्वच्छ पात्यानं कुजलेला भाग कापा. काप निरोगी मांसातून गेला पाहिजे, कुजीचा रेघभर अंश मागे राहिला तरी ती पुन्हा पसरते. नंतर प्रवाळासाठी मिळणाऱ्या आयोडिनच्या द्रावणात, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात आणि वेळेपुरतंच, बुडवा. ते पाणी टाकीत परत ओतू नका. तुकडा सुपरग्लूनं चिकटवायला जाऊ नका, बुळबुळीत अंगावर तो धरत नाही. जाळीनं किंवा सैल रबरबँडनं दगडावर बसवा, मध्यम प्रवाह आणि मंद उजेड द्या. बुंधा गेला तरी निरोगी टोपी नव्यानं मूळ धरते, हा या जातीचा मोठा गुण.

दोन धोके ठळक सांगतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषध प्रवाळाच्या टाकीत कधीही घालू नका. ठिपके जातील आणि प्रवाळही जाईल. आणि टाकीत झोअँथिड, म्हणजे प्रवाळाचे लांबचे नातेवाईक असतील, तर ते ज्यावर वाढलेत तो दगड उकळू किंवा घासू नका. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि वाफेतून ते माणसाच्या फुप्फुसात जातं.

शेवटचा मुद्दा टाकीबाहेरचा आहे. प्रवाळ ही काही लांबच्या बेटांवरचीच चीज नाही. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ साली झालं, तिथे प्रवाळ आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ वसाहती २०२० साली दुसरीकडे हलवाव्या लागल्या. खडक बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ यांना २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. त्यामुळे सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं ही हौस नव्हे, गुन्हा आहे.

तेव्हा मांजर्लीकरांना विनंती अशी : समुद्रातून काही आणू नका, विक्रेत्याला माल कुठून आला ते विचारा आणि कागद मागा, जमेल तिथे दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा घ्या. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवणं झेपणार नसेल, तर प्रवाळ घेऊच नका.