कॉलेजच्या गांवांतील खाणावळ



कोणत्याहि कॉलेजच्या गांवीं गेलांत तर कॉलेजची इमारत, ग्रंथालय व मैदान हीं तुम्हांस कोणीहि कौतुकानें दाखवील. परंतु जिच्यावांचून तें कॉलेज महिनाभरहि चालणार नाहीं, अशा एका संस्थेची पाटी एखाद्या बोळाच्या तोंडाशीं खडूनें लिहिलेली असते: ‘घरगुती जेवण मिळेल.’ या खाणावळीविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

पूर्वीं गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय माधुकरीनें अथवा वार लावून होत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा आठवडा जाई. त्या घरांचे उपकार थोर खरे. पण तें दार सर्वांस उघडें नव्हतें. पान मांडण्यापूर्वींच जातीची विचारपूस होई. ही अडचण ओळखून शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत वसतिगृहांस आश्रय दिला. साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं काढलेल्या वसतिगृहांत तर सर्व जातींचीं मुलें एकाच पंक्तीस बसूं लागलीं. या मुलांच्या अन्नासाठीं कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. आज खाणावळींत शेजारीं कोण बसला आहे, हें कोणी विचारीत नाहीं. ही साधी गोष्ट मिळविण्यास किती माणसें झिजलीं, हें घांस घेतांना क्वचित् आठवावें.

वसतिगृहांत जागा न मिळालेल्या मुलास आधार खाणावळीचाच. तिचा हिशेब वरून सोपा दिसतो. महिन्याचे पैसे आगाऊ, खाडा आधीं कळविल्यास वजावट, रविवारीं दुपारीं गोडधोड आणि संध्याकाळीं चूल बंद. परंतु चालविणाराची ओढाताण ताटावरून कळत नाहीं. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलें घरीं जातात, जागेचें भाडें मात्र चालूच राहतें. डाळ महागली तरी महिन्याच्या मध्यावर दर वाढवितां येत नाहीं. मग आमटी पातळ होते, आणि मुलें तींत डाळ शोधण्याची थट्टा करतात. ती थट्टा आम्हीहि केली आहे.

१९७८ सालीं मी साताऱ्यांत शिक्षकाचें शिक्षण घेत होतों. एका वृद्ध बाईंकडे दोन वेळां जेवत असें. त्या वर्षीं घरून मनीऑर्डर येईना. बाईंच्या वहींत माझ्या नांवावर दोन महिन्यांची बाकी सांचली. लाजेनें मी एके दिवशीं जेवावयास गेलों नाहीं, तों त्यांनीं माझ्या सोबत्याकरवीं बोलावणें पाठविलें. म्हणाल्या, “मास्तर व्हायचंय ना तुला? मग आधीं जेवून घे. पैसे कुठं पळून जातात?” जोंधळ्याची गरम भाकरी आणि पिठलें त्यांनीं पुढ्यांत ठेविलें. पुन्हां त्या विषयाचा उच्चार केला नाहीं.

परीक्षा झाली, नोकरी लागली. पहिला पगार घरच्या कर्जांत गेला. दुसऱ्या वेळीं दुसरी नड निघाली. पुढें तर उशीर झाल्याचीच लाज वाटूं लागली. तीन वर्षांनीं पैसे घेऊन गेलों, तेव्हां त्या दाराला दुसऱ्याचें कुलूप होतें. बाई मुलाकडे मुंबईस गेल्या, एवढेंच शेजाऱ्यांस ठाऊक होतें. तेव्हांपासून दर जूनमध्यें एका विद्यार्थ्याचे महिन्याचे पैसे मी खाणावळींत भरतों. पण त्यानें ती बाकी फिटली, असें मला वाटत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस माझी विनंति आहे कीं, खाडा वेळेवर कळवा, ताटांत अन्न टाकूं नका, आणि खाणावळीची बाकी गांव सोडण्यापूर्वीं चुकती करा. कॉलेजच्या चालकांस एवढेंच सांगतों कीं, शिष्यवृत्तीचे पैसे पुष्कळदां उशिरां हातीं पडतात. तोंवरच्या जेवणासाठीं एक लहानसा निधि ठेवा. खाणावळीच्या स्वच्छतेची चौकशीहि करा, पण ती आपुलकीनें. आज तो सारा भार एकट्या चुलीपुढच्या बाईवर पडतो. तिनें तो निमूटपणें उचलावा, असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.