शेतावर धाडलेला माणूस

घरातील एखादा तरुण दारूच्या आहारी गेला की वडीलधारी मंडळी एक तोडगा हमखास सुचवितात : त्याला गावी पाठवा, चार महिने शेतात राबला म्हणजे सारे खूळ उतरेल. या सल्ल्याची परीक्षा एका सरकारने हजार एकरांवर घेतली होती. ती हकिगत आज सांगावयाची आहे.

अफू, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या व्यसनात सापडलेल्यांसाठी दोन शेते उभारण्याचा कायदा अमेरिकेने १९२९ साली केला. त्यांतील पहिले १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराजवळ सुरू झाले. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत. गाईंच्या धारा काढीत, कोंबड्या-डुकरांची निगा राखीत, टोमॅटो पिकवीत. (केंटकीची ख्याती मुळी तंबाखूबद्दल आणि व्हिस्कीबद्दल! निपाणीच्या तंबाखूशेजारी राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही गंमत निराळी सांगावयास नको.)

या कष्टांचा गुण येत असे, हे नाकारता येणार नाही. व्यसनी माणसाचा दिवस एका नशेपासून दुसऱ्या नशेपर्यंत मोजला जातो. गाय मात्र आपल्या वेळेला हंबरते. अंग मोडून काम केले की भूक लागते, झोप येते, आणि कित्येक वर्षांनी आपल्या हातून काही उपयोगाचे घडले असे वाटू लागते.

पण पुढे काय? न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांची पाहणी १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनाकडे वळले होते! गाडीतून उतरताच तोच नाका, तेच सोबती आणि खिसा रिकामा; धारा काढण्याची विद्या तेथे कोणाला हवी होती? डॉ. जॉर्ज व्हेलंट यांनी अशाच शंभर जणांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सुटकेनंतरही ज्यांच्यावर दीर्घकाळ देखरेख राहिली, ते अधिक प्रमाणात सावरले, असे त्यांना आढळले. त्या संस्थेच्या नावाला एक काळिमाही आहे : संशोधनासाठी कैद्यांवर मादक द्रव्यांचे प्रयोग होत आणि मोबदला म्हणून पुन्हा मादक द्रव्यच दिले जाई. १९७० नंतरच्या दशकात ते रुग्णालय बंद पडले.

योगायोग असा, की त्याच १९३५ साली शेजारच्या ओहायो राज्यात अॅक्रन गावी दोन मद्यासक्त गृहस्थ एकमेकांना भेटले आणि 'अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस'ची सुरुवात झाली. त्यांच्यापाशी ना एकर होते, ना गोठा. मोह अनावर झाला तर ज्याचे दार ठोठवावे असा एक माणूस मात्र होता. पुण्यात १९८६ साली निघालेल्या 'मुक्तांगण'नेही रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना हाताशी धरले.

तेव्हा मुलाला शेतावर जरूर धाडा. मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी प्राणावर बेतते. रानात त्या रात्री वैद्य कोठून आणणार? आणि गावाला दारू नाही, अशा समजुतीत तर मुळीच राहू नका. बाजाराच्या दिवशी हाती मजुरी पडल्यावर तो कोणाच्या सोबतीने घरी परतणार, हे त्याला धाडण्यापूर्वीच ठरवून ठेवा.