अस्सल, नक्कल आणि समास



गोदातीरी नाशिकात आपले स्वागत करण्याचा मान स्वागतमंडळाने माझ्याकडे सोपवावा, याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटते. कारण मी धर्मशास्त्री नव्हे, ग्रीक-हिब्रूचा पंडित तर नव्हेच नव्हे. माझी सारी उमेद सरकारी दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या नकला करण्यात आणि ताडून पाहण्यात खर्ची पडली. परंतु पवित्र शास्त्रातील ज्या वचनांवरून समलिंगी माणसांना दोषी ठरवले जाते, त्यांचे मराठी भाषांतर कसे असावे, हा आपल्या परिषदेचा विषय अखेर अस्सल आणि नक्कल यांच्या नात्याचाच असल्याने, एका जुन्या नक्कलनविसाचे चार शब्द आपण गोड मानून घ्याल, अशी उमेद आहे.

रामकुंड आणि काळाराम आपणांस ठाऊकच आहेत. मी आपणांस शरणपुराकडे नेऊ इच्छितो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले आश्रयास आली, शिकली; आणि त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत जाऊन १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीत खांदेकऱ्यांमध्ये उभा राहिला. नोहाने कनानास दिलेल्या शापाचा आधार घेऊन आफ्रिकनांची गुलामगिरी ईश्वरी आज्ञा आहे असे सांगणारे विद्वान त्या काळी थोडे नव्हते. वचन तेच राहिले, त्याचे वाचन मात्र बदलले, आणि ते बदलल्याने शास्त्राची थोरवी कणभरही उणी झाली नाही. याच नाशिकजवळच्या जलालपुरात लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माउलीने आपली दृष्टी किती कष्टाने आणि किती प्रांजळपणे पालटली, हे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाच्या राज्याचा वारसा कोणाकोणाला नाही याची यादी आहे, आणि त्या वारशासाठी आपल्या भाषांतरकारांनी योजलेला शब्द आहे ‘वतन’. ज्याने वतनाचे कागद हाताळले आहेत त्याच्या मनात या शब्दाने धस्स होते. कारण नकलेतील एका चुकीच्या अक्षराने पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क बुडाल्याची गोष्ट दप्तरखान्यात नवी नाही. त्या यादीतील दोन ग्रीक शब्दांवर आजचा सारा वाद उभा आहे. पहिला ‘मलाकोई’, म्हणजे शब्दशः मऊ. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात राजवाड्यातील लोकांच्या तलम वस्त्रांना लावलेले विशेषण हेच. ते माणसाला लावले की बायकी, विलासी, दुर्बळ, अशा अनेक छटा उभ्या राहतात. दुसरा ‘आर्सेनोकोइताई’, पुरुष आणि शय्या या दोन पदांचा समास, जो पौलाच्या आधी कोठे आढळत नाही.

या समासाच्या विग्रहावरून विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की लेवीयाच्या विसाव्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ही दोन्ही पदे शेजारी-शेजारी उभी आहेत, तेव्हा पौलाने समास तेथूनच घडवला आणि पुरुषाने पुरुषाशी संग करण्याचा निषेधही तेथलाच. हे म्हणणे वजनदार आहे, आणि ते उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो की पंक आणि ज एवढ्यावरून कमळ हाती येत नाही, तसा पदांच्या बेरजेवरून समासाचा रूढ अर्थ हाती येत नाही. हा शब्द पुढे जेथे आढळतो तेथे तो पुष्कळदा लुबाडणूक आणि अन्याय यांच्या संगतीत दिसतो. लूथरने जर्मनमध्ये येथे मुलांना भ्रष्ट करणारे अशा अर्थाचा शब्द घातला. १९४६ च्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने दोन्ही शब्द एकत्र करून ‘होमोसेक्शुअल्स’ असे लिहिले, जे नाव मुळी १८६९ साली जर्मनीत प्रथम छापले गेले होते. १९५९ साली एका तरुण धर्मविद्यार्थ्याने पत्र लिहून ही चूक भाषांतरमंडळाच्या नजरेस आणली, आणि १९७१ च्या आवृत्तीत तो शब्द गेला. परंतु मधल्या पंचवीस वर्षांत किती घरांत किती मुलांना तो वाचून दाखवला गेला असेल, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडावयाची नाही. मराठीतही हीच अडचण आहे: ‘पुरुषमैथुनी’ कृत्य सांगतो, ‘समलिंगी’ माणसाचा स्वभावच सांगतो, आणि ‘बायकी’ निष्कारण स्त्रीजातीलाच कलंक लावतो.

केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सारे शास्त्र उतरवले, आणि त्यांच्या मुक्तिसदनाच्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. ज्याचे भाषांतर करावयाचे ते वाचणार कोण, हा प्रश्न त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. आज तो वाचणारा आपल्याच मंडळीतील एखादा समलिंगी मुलगा असेल. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ त्याच्यापुरते निष्प्रभ केले. न्यायालयाच्या दारातून सुटलेला तो मुलगा देवळाच्या दारात कोणते अक्षर वाचतो, ते ठरवणारे आपण आहोत.

उमेदवारीच्या दिवसांत एका कागदात कसरीने खाल्लेला शब्द मी अंदाजाने भरला होता. वृद्ध शिरस्तेदारांनी नक्कल अस्सलाशी लावून पाहिली आणि न रागावता एवढेच विचारले, “हा शब्द कागदात आहे, की तुझ्या मनात?” मग त्यांनी माझा शब्द खोडला, जागा मोकळी सोडली, आणि समासात ‘अक्षर लागत नाही’ असे लिहून सही केली. न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड बायबलच्या २०२१ च्या सुधारित आवृत्तीने या वचनाखाली, ग्रीक शब्दाचा अर्थ अनिश्चित असल्याची तळटीप दिली, तेव्हा मला त्या शिरस्तेदारांची आठवण झाली. माझी विनंती एवढीच, की ज्या समासाचा विग्रह निश्चित होत नाही, त्याची कबुली आपण पानाच्या समासात द्यावी. मग ज्याला निषेध दिसतो त्याने तो अवश्य मांडावा, पण भाष्यात मांडावा, नकलेत नव्हे.

आमची व्यवस्था साधी आहे, भोजन घरगुती आहे, त्रुटी पुष्कळ असतील. त्या आपण पोटात घालाव्या. शरण आलेल्यास जागा देणे हे या भूमीचे नावच आहे. त्या नावास जागून, स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे, आणि ज्यांना आपले या परिषदेत स्वागत होईल की नाही अशी धाकधूक वाटली असेल त्यांचे विशेषतः, मनःपूर्वक स्वागत करतो.