सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाहीं

सकाळीं सहाच्या सुमारास नाशिक फाट्यावरून चाकणच्या दिशेनें जो कोणी जाईल, त्याला लहानमोठ्या मालगाड्यांची न संपणारी रांग दिसेल. भोसरीच्या गाळ्यांतून कातलेले, भोंकें पाडलेले, तेल लावून क्रेटमध्यें रचलेले लोखंडी सुटे भाग घेऊन या गाड्या मोशी मागें टाकतात, इंद्रायणी ओलांडतात आणि चाकणच्या कारखान्यांच्या दाराशीं जाऊन उभ्या राहतात. आमच्याकडे या साऱ्यांना सरसकट 'टेंपो' म्हणतात. मुळांत हें एका जर्मन गाडीचें नांव. ती तीनचाकी येथें बनविण्यासाठीं १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी निघाली व पुढें तिचा कारखाना आकुर्डीस आला. २००५ सालीं कंपनीनें आपलें नांव बदलून फोर्स मोटर्स केलें. लोकांनीं मात्र आपला शब्द बदलला नाहीं. पिंपरीस टाटांचा कारखाना १९६६ सालीं उभा राहिला आणि १९८८ मध्यें त्यांची टाटामोबाईल ही पिकअप रस्त्यावर आली, तरी तिलाही आमच्या गल्लींत टेंपोच म्हणत.

माझ्या लहानशा कारखान्याचा टेंपोही असाच वयस्क होता. डिझेलवर चालणारा, पत्रा जागोजागीं खालेला, टाकींतील तेल दाखविणारा कांटा कित्येक वर्षांपूर्वींच झोपलेला. तो चालविणारे गृहस्थ माझ्याहून वडील; त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असूं. एका पावसाळ्यांत, ओळीनें चार दिवस, सकाळीं हा टेंपो सुरू होईना. किल्ली फिरवावी, सेल्फ जोरांत फिरावा, इंजिनानेंही गरगर फिरावें, पण पेट म्हणून घेऊं नये. चाकणला मालाची वेळ ठरलेली. ती चुकली कीं गाडी दारांतच तिष्ठत राहते आणि पुढील महिन्यांत काम दुसऱ्याला जातें. त्या चार दिवसांत आम्हीं काय काय केलें तें आज सांगणार आहें.

पहिली गोष्ट आम्हीं केली ती सगळेच करतात: चार माणसें बोलावून धक्का मारला. हा अगदीं निरर्थक उद्योग होता. बॅटरी उतरली असेल, सेल्फ मंद फिरत असेल, तर धक्क्याचा उपयोग. येथें सेल्फ ठणठणीत होता; इंजिनाला गति मिळत होती, कमी होतें तें दुसरेंच कांहीं.

तें कोणतें, हें कळण्यासाठीं डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते. रुडॉल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें यशस्वीरीत्या चाललें, त्यांत ठिणगीला स्थान नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापावी, आणि त्या तापलेल्या हवेंत डिझेलचा बारीक फवारा सोडावयाचा, कीं तो आपोआप पेट घेतो. म्हणजे जोरांत फिरणाऱ्या पण न पेटणाऱ्या इंजिनाबद्दल प्रश्न उरतात ते मुख्यतः दोनच. डिझेल आंत पोहोंचतें काय? आणि पोहोंचत असेल, तर हवा पुरेशी तापते काय?

याचें उत्तर सायलेन्सरच्या तोंडाशीं मिळतें, आणि त्याला एक पैसाही लागत नाहीं. एकानें सेल्फ मारावा, दुसऱ्यानें मागें उभें राहावें. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आंत जात आहे पण जळत नाहीं. मग हीटर प्लग पाहावे, दाब पाहावा. धूर मुळींच नसेल, तर डिझेलच पोहोंचत नाहीं. सेल्फ मात्र एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये आणि मध्यें मिनिटभर थांबावें. नाहींतर सेल्फही जळतो आणि बॅटरीही बसते. हवेच्या नळींत ईथरचा फवारा मारणारे महाभागही भेटतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनांत तो भडका घेऊन इंजिनच फोडूं शकतो.

आमच्या टेंपोला धूर नव्हता. "डिझेल येत नाहीं," मिस्त्री म्हणाला, आणि माझ्या मनांत नको ती शंका आली. रोज संध्याकाळीं डिझेल भरल्यावर मी पंपावर टाकींत काठी बुडवून खूण करीत असें. सकाळीं कारखान्यापाशीं पाहावें तों तेल खुणेच्या खालीं. किल्ली मामांच्या जवळ. मी तोंडानें कांहीं बोललों नाहीं, पण बोलणें तोडलें.

मिस्त्रीनें फिल्टरवरचा हातपंप तीस-चाळीस वेळां दाबला आणि हवा काढण्याचा स्क्रू सैल केला. स्वच्छ डिझेलऐवजीं साबणासारखा फेंस आला. फेंस संपून अखंड धार लागल्यावर त्यानें स्क्रू आंवळला, सेल्फ मारला, आणि टेंपो धडधडूं लागला. "गाडीनें एअर घेतली," एवढेंच तो बोलला. पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच कथा, तिसऱ्या दिवशींही तीच. नळींतून बाहेर थेंबही गळत नव्हता. गळणार तरी कसा? टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी तेल ओढते. तेथील फट तेल बाहेर सोडीत नाहीं, हवा आंत घेते.

चौथ्या दिवशीं त्यानें त्या नळींत वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि चालू इंजिनांत पाहण्यास सांगितलें. मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे चालले होते. टाकीकडील सांध्यांतील तांब्याचा वायसर चिरला होता. चालतांना इंजिन तेवढी हवा पचवीत असे. रात्रीं मात्र टेंपो आमच्या दारच्या चढावर, नाक वर करून उभा राहत असे. फटींतून हवा शिरे आणि नळींतील सारें डिझेल हळूहळू उतरून टाकींत परत जाई.

चढ हा शब्द ऐकून मी काठी घेऊन आलों. टाकीचें तोंड पुढच्या टोकाला आहे. गाडी चढावर असली कीं तेल मागच्या बाजूस सरकतें आणि पुढें घातलेली काठी कमी भिजते. पंपावर जमीन सपाट. एक थेंबही कोणी काढला नव्हता.

वायसरला पांच रुपये पडले. त्या संध्याकाळीं मीं मामांना चहाला थांबवून घेतलें आणि मनांत काय आलें होतें तें सांगून टाकलें. त्यांनीं बशी खालीं ठेवली.

"ठाऊक होतें, साहेब," ते म्हणाले. "चार दिवस तुम्ही माझ्या आधीं येऊन टाकीचें झांकण उघडीत होतां. काठी तशीच ओली टाकून जात होतां."