एकच स्तोत्र, दोन चाली

मलकापुरात भजनाला टाळकरी समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. एका रांगेने चरण म्हणायचा, दुसरीने उचलायचा. व्हेनिसच्या विवाल्डी या संगीतकाराने बायबलमधलं ११०वं स्तोत्र काहीसं असंच बांधलंय. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, वर तुतारीसारखी ट्रम्पेट्स. सगळा डौल सवाल-जवाबाचा.

तेच लॅटिन स्तोत्र हँडेल या दुसऱ्या संगीतकाराने १७०७च्या एप्रिलमध्ये रोममध्ये पूर्ण केलं, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्याच्याकडे ट्रम्पेट नाही, तंतुवाद्यं, त्यांना आधार देणारं ऑर्गन आणि पाच पट्ट्यांत वाटलेला गायकवृंद, एवढंच. पण ‘चिरडून टाकील’ या अर्थाचा शब्द आला, की तो अक्षरं सुटी करून एकेक आपटतो : कॉन्, क्वास्, सा, बित्! जणू पखवाजावरची थाप. पुढे वाटेतल्या ओढ्याचं पाणी पिण्याची ओळ येते, तेव्हा दोन स्त्री-आवाज एकमेकांत हळूच गुंततात आणि खाली पुरुष एकाच सुरात पुटपुटतात.

विवाल्डी पाद्री होता, हँडेल ऑपेराच्या नादातला तरुण. तरी मला धाक हँडेलचाच वाटतो. आधी तोच ऐका, आणि आवाज जरा मोठा ठेवा.