हाकेला ओ देणारी नावं



विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल की आज बारशावर व्याख्यान आहे. एका अर्थी आहेच; फक्त ज्यांचं बारसं करायचं ते एल्फ, ड्वार्फ आणि जादूगार आहेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो, एक जण डन्जन मास्टर होऊन उरलेलं सगळं जग चालवतो, आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. पात्राची कुंडली एका कागदावर असते. ताकद, चपळाई, शहाणपण यांचे आकडे फाशांनी मिळतात. नाव मात्र स्वतः शोधावं लागतं, आणि नवा खेळाडू तिथेच अडकतो. तास तास बसून तो जबडा दुखेल असं काहीतरी घडवतो.

आता ज्यांनी खेळ घडवला, त्यांनी काय केलं ते बघा. गायगॅक्सच्या मुलाचं, ल्यूकचं, एक एल्फ पात्र होतं. कागदावर लिंगाच्या जागी ‘एम’ आणि वंशाच्या जागी ‘एल्फ’. दोन्ही जोडून वाचलं, झालं मेल्फ! दुसऱ्या मुलाचं नाव अर्नेस्ट. इंग्रजीतली तीच अक्षरं उलटसुलट करून त्याचा जादूगार झाला टेन्सर. जिम वॉर्ड या खेळाडूने स्वतःचं नाव शेवटाकडून वाचलं आणि ड्रॉमिज मिळाला. हे तिघे आज मंत्रांच्या नावांत जाऊन बसले आहेत. मेल्फचा आम्लबाण जगभरातले खेळाडू अजून सोडतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघणाऱ्या तरुण मंडळींना वेक्ना माहीत असेल. तोही असाच. जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या आडनावाची अक्षरं हलवली की वेक्ना. मंत्र पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा, ही खेळातली कल्पना व्हान्सच्या कथांमधलीच. नावातून ते ऋण फेडलं.

एवढी हलगर्जी का चालली? कारण कादंबरीकाराला पात्राचा शेवट ठाऊक असतो, खेळाडूला नसतो. १८६८ साली रिसबुडांनी ‘मंजुघोषा’ ही कादंबरी लिहिली तेव्हा नायिका कशी असणार हे नावातच सांगून ठेवलं. ‘चंद्रकांता’ कादंबरीतल्या क्रूरसिंहाकडून कोणी दयेची अपेक्षा धरत नाही. खेळातला नवशिका जादूगार मात्र पहिल्याच भुयारात मरण्याची शक्यता दांडगी. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याचा जीव चार बाजूंच्या फाशावर जेवढा पडेल तेवढा, आणि लांब तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाचा. अशा पोराला ‘वज्रतेज’ नाव ठेवणं म्हणजे थट्टाच. तो जगला, चार लढायांत मित्रांनी त्याला हाका मारल्या, की नावाला वजन येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या खेळातलं नाव कागदासाठी नसतं, ते हाकेसाठी असतं.

हाकेची ही कसोटी कादंबरीकार टॉल्किनला लावून बघा. त्याची नावं सुंदरच आहेत, वाद नाही. १९३७ च्या ‘द हॉबिट’मधले बहुतेक ड्वार्फ आणि खुद्द गॅन्डाल्फ हे ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून आले. पण फिली-किली, ओइन-ग्लोइन, बालिन-ड्वालिन ही यमकं पुस्तकात शोभतात. टेबलावर, चौघे एकदम ओरडत असताना, फिली पडला की किली हे कळेपर्यंत दोघेही मेलेले असतात. म्हणून एका चमूतली नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू व्हावीत.

मराठीत खेळणाऱ्यांपुढे आणखी एक परीक्षा आहे, जी इंग्रजीत खेळणाऱ्याला कधी द्यावीच लागत नाही: विभक्ती. साल्व्हातोरे या लेखकाच्या कादंबऱ्यांतला ड्रिझ्ट घ्या. ‘ड्रिझ्टने ड्रिझ्टच्याच तलवारीने’ हे एका दमात म्हणून बघा. गायगॅक्सचा लाडका जादूगार मॉर्डेनकायनेन. नाव फिनिश धाटणीचं, ऐटदार. पण ‘मॉर्डेनकायनेननं’ म्हणताना आपणच मंत्र चुकलो असं वाटतं. मग टेबल काय करतं? जे आपण दत्तात्रयाचं दत्तू आणि पांडुरंगाचं पांडू करताना केलं तेच. तो होतो मॉर्ड्या. तेव्हा लांब नाव ठेवायचंच असेल, तर त्याचं आखूड रूप आपणच आधी ठरवावं. नाहीतर मित्र ठरवतील, आणि मित्रांना दया नसते.

हीच विभक्ती कामालाही येते. आपण सीतेला म्हणतो, पण नेहाला म्हणतो. जुनं नाव वाकतं, नवं तसंच राहतं. समजा, तुमच्या जगातल्या देवीचं नाव ‘आयलिरा’. ‘आयलिराचा शाप’ म्हटलं तर ती काल आलेली वाटते. ‘आयलिरेचा शाप’ म्हणा. देऊळ हजार वर्षांचं झालं! नुसती एका कान्याची मात्रा करून एवढं काम साधता येतं, आणि आपली पोरं मात्र इंग्रजी नावांच्या याद्या चाळत बसतात.

आडनावांची गोष्ट जरा नाजूक. मराठी माणसाच्या कानावर खरं आडनाव पडलं की तो मनात जात शोधायला लागतो. काल्पनिक राज्याचा सेनापती आणि त्याचा झाडूवाला यांना आपल्याकडची आडनावं दिलीत, तर आपली सगळी उतरंड न बोलावता त्या राज्यात शिरते. ती कथेत हवी असेल तर जाणूनबुजून आणा. नको असेल तर ‘कर’ बरा. तो बहुतेक जातींमध्ये सापडतो, शिवाय नकाशाही सांगतो. ‘धुरवडी’ नावाचं गाव आखलंत की ‘धुरवडीकर’ आपोआप जन्मतो आणि तिथे काय जळतं हे कोणीतरी विचारतंच. दुसरी वाट हुद्द्यांची. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही कामांचीच आडनावं झाली. तर ज्या राज्यात ड्रॅगनला खंडणी पोचवावी लागते तिथे खंडणीसांचं घराणं का नसावं?

शेवटी डन्जन मास्टर मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्ट. तुम्ही राजाची सात पिढ्यांची वंशावळ तयार करून बसता आणि खेळाडू विचारतात, ‘या सराईवाल्याचं नाव काय?’ त्या क्षणी डोकं कोरं होतं. म्हणून वीसेक नावं आधीच एका कागदावर लिहून ठेवावीत. एखादं वापरलं की त्यापुढे ते कोणाला दिलं ते टिपावं. आणि कागद घरी राहिला, तुमच्या तोंडून घाईत ‘बबन’ निघून गेलं, तर बदलायला जाऊ नका. पुढची दोन वर्षं सगळे साहसवीर बबनकडेच मुक्कामाला येणार आहेत.