व्यापाराचे संकेतस्थळ आणि शोधयंत्राची पारख
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील अनिष्ट चाली अशा गंभीर विषयांवर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकत आलो आहोत. त्या मालिकेत आजचा माझा विषय काहींना थोडा बाजारी वाटण्याचा संभव आहे. तथापि तांबे-पितळ घडविणारी आपली ज्ञाती बाजारपेठेतच वाढलेली आहे, आणि पेठ जिकडे सरकते तिकडे आपली पावले वळविल्याखेरीज आपल्याला गत्यंतर नाही. पेशवाईच्या काळी आपले पूर्वज कोकणातून पुण्यास आले ते काही हवा पालटावयास आले नव्हते. गिऱ्हाईक जेथे होते तेथे ते आले.

पूर्वी आपल्या आळीत शिरणाऱ्याला दुकानाची पाटी वाचावी लागत नसे. मठारण्याचा आवाज चार घरे आधीपासून ऐकू येई आणि तीच आपली जाहिरात असे. आज ठाण्यातील गृहिणीला पितळेची पातेली हवी असली, किंवा परदेशी राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला बंब हवा असला, तर ती माणसे हातातल्या फोनवर दोन-तीन शब्द लिहितात आणि वर जी नावे येतील त्यांतील एकावर बोट ठेवतात. तेथे आपले नाव नसेल तर आपल्या हातातील कसब त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. मग माल घडवितो आपला कारागीर, आणि विकतो कोणी तरी तिसराच, जो हातोडीला कधी शिवलेला नाही. मधल्या माणसाचा वाटा किती, हे आपल्यापैकी अनेकांना हिशेबाच्या वहीत दिसत असेलच.

म्हणून अनेक घरांनी संकेतस्थळे काढली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु संकेतस्थळ काढणे म्हणजे दुकान उघडणे. त्या दुकानापर्यंत रस्ता जातो की नाही, हा प्रश्न निराळा आहे.

हा रस्ता समजून घ्यावयाचा तर शोधयंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपण प्रश्न विचारताच ते जगभर धावत सुटते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्राचा एक भाग अहोरात्र एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्या पानावर जात असतो, दिसेल ते वाचतो आणि आपल्या सूचीत टिपून ठेवतो. प्रश्न आला की ती सूची उघडली जाते. सूचीत जे नाही ते सापडणार नाही, इतके हे सरळ आहे. मात्र सूचीतील हजारो पानांपैकी वर कोणते ठेवावयाचे, ही खरी मेख होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी यावर जो विचार केला तो १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी गूगल ही संस्था स्थापन झाली. त्यांचे सूत्र आपल्या मंडळींना समजावयास कठीण जाऊ नये. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे ती एक शिफारस झाली. आणि ज्याची शिफारस पुष्कळांनी केली आहे, त्याने केलेल्या शिफारशीला वजन अधिक. सोयरीक जुळविताना आपण दुसरे काय करतो? वाटेवरच्या दहा जणांनी ‘मुलगा चांगला आहे’ म्हणण्यापेक्षा ज्यांच्या शब्दाला ज्ञातीत मान आहे अशा एकाने म्हटलेले आपण अधिक मानतो. आज या सूत्राखेरीज अन्य अनेक कसोट्या लावल्या जातात; परंतु मूळ धोरण हेच राहिले आहे.

आता आपल्या दुकानांच्या स्थळांकडे वळतो. गेल्या काही महिन्यांत त्यांतील बरीच मी पाहिली. छायाचित्रे सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी वस्तूचे नाव, माप आणि वजन ही सर्व माहिती छायाचित्रातच रंगवून टाकलेली आहे. डोळ्याला ती दिसते. यंत्राच्या हाती मात्र फारच थोडे लागते. तेच साध्या अक्षरांत लिहावे, आणि प्रत्येक चित्रामागे ‘तांब्याची कळशी, मठारकाम केलेली’ अशी एक ओळ जोडावी; तशी सोय प्रत्येक स्थळात असते. पानाच्या माथ्यावर ‘स्वागत’ किंवा ‘मुख्यपृष्ठ’ एवढेच लिहिलेले असते, तेही बदलावे. शोधयंत्राच्या यादीत बहुधा तोच मथळा दिसतो, आणि ‘स्वागत’ हा शब्द लिहून भांडी शोधणारे गिऱ्हाईक मी अद्याप पाहिलेले नाही.

शब्दांचा विचार तर फार बारकाईने करावयास हवा. आपण दुकानात एक शब्द वापरतो, घाऊक व्यापारी दुसरा, आणि गिऱ्हाईक तिसराच. आपल्या एका स्थळावर ‘अँटिक कॉपर बॉयलर’ असे लिहिलेले आढळले. ज्या घरात आजीच्या काळचा बंब होता त्या घरातील नात ‘पाणी तापवायचा बंब’ असेच शोधणार. घागर, कळशी, हंडा, घंगाळ हे शब्द आपल्याला परस्परांहून स्पष्टपणे भिन्न आहेत. परंतु नव्या पिढीला त्यांतील भेद ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक वस्तूच्या पानावर तिचा आकार व उपयोग सांगणारी चार वाक्ये असावीत. शिवाय आपली माणसे मराठी शब्द रोमन लिपीतही लिहितात आणि प्रत्येकाचे वर्णलेखन वेगळे असते. म्हणून नाव दोन्ही लिप्यांत एकेकदा यावे. एकेकदाच! एकच शब्द पन्नास वेळा उगाळला तर यंत्र प्रसन्न होते, ही कल्पना जुनी झाली. पानामागे दडवून ठेवण्याची शब्दांची जी यादी असते, ती क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. तरी ती भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपल्याजवळचे ज्ञान. कल्हई किती दिवस टिकते, ती गेल्याचे कसे ओळखावे, बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ का ठेवू नयेत, हिरवा कळंक चिंचेने कसा काढावा, पत्र्याची जाडी हाताला कशी कळते: हे सर्व गिऱ्हाईक रोज विचारते आणि आपण गल्ल्यावर बसून रोज सांगतो. तेच लिहून काढा. ज्या घरात लिहिणारा नसेल तेथे आजोबांनी सांगावे आणि नातीने उतरून घ्यावे. भाड्याने लेख लिहून देणाऱ्याला हे ज्ञान कोठून असणार? दुसऱ्यांच्या पानांवरून उतरविलेल्या निकस मजकुराला मागे लोटण्याचे काम गूगलने २०११ पासून नेटाने चालविले आहे. ज्याने हाताने काम केले आहे त्याच्या सांगण्याला किंमत येण्याची ही एक संधी मला दिसते.

मात्र एक मर्यादा पाळावी. तांब्यातील पाण्याने अमुक दुर्धर रोग बरा होतो, अशी विधाने आपल्यातील काही स्थळांवर आहेत. ती तत्काळ काढून टाकावीत. आरोग्याविषयीच्या मजकुराला शोधयंत्र अधिक कठोर कसोटी लावते, हे एक कारण झाले. परंतु तसे नसते तरी आजाऱ्याच्या आशेवर भांडे विकणे आपल्याला शोभले नसते.

आता थोडा अप्रिय विषय. गेल्या वर्षी आपल्यातील उत्साही तरुणांनी एक सूचना मांडली, आणि ती आजच्या सभेपुढेही येणार आहे. ती अशी की, ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने प्रत्येक ज्ञातिबंधूच्या दुकानाला गूगलवर पाच तारे व चार गोड ओळी द्याव्यात, आणि सर्व दुकानांनी आपापल्या स्थळाच्या तळाशी एकमेकांचे दुवे लावावेत. यामागील बंधुभाव मला मान्य आहे. सूचना मात्र मला मान्य नाही.

ज्या दुकानातून आपण कधी वाटीही घेतली नाही त्या दुकानाचे ‘ग्राहक’ म्हणून कौतुक लिहिणे हे खोटे होय. गूगलच्या नियमांत त्याला मज्जाव आहे. आपल्या देशातही २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास बंदी आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. बरे, अवघ्या दोन आठवड्यांत एकाच आडनावांच्या शंभर माणसांनी स्तुती केलेली पाहून परके गिऱ्हाईक काय समजेल, हे सांगावयास यंत्र कशाला पाहिजे? ज्याने खरोखरच माल घेतला त्याला बिलाबरोबर ‘आपला अनुभव लिहा’ अशी विनंती करावी. त्याने कमी तारे दिले तर रागावू नये, सभ्य उत्तर द्यावे. पाच खरे अभिप्राय मला पन्नास उसन्या अभिप्रायांहून मोलाचे वाटतात.

दुव्यांच्या साटेलोट्याविषयी तर मोठमोठ्यांची उदाहरणे आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीचे जर्मनीतील स्थळ गूगलने सूचीतून काही दिवस काढून टाकले. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे, असा प्रकार तेथे आढळला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकेतील प्रचंड दुकानसंस्थेला वर आणण्यासाठी ठिकठिकाणी विकतचे दुवे पेरल्याचे न्यू यॉर्क टाइम्सने उघडकीस आणले आणि ती संस्था यादीत एकदम खाली गेली. त्यांना सावरावयास मनुष्यबळ होते, पैसा होता. आपल्या एका खणाच्या दुकानाचे नाव असे पुसले गेले तर दिवाळीचा हंगाम गेलाच म्हणून समजा.

त्याऐवजी मी असे सुचवितो की, ज्ञातिसंघाच्या स्थळावर सभासदांच्या दुकानांची एक सूची असावी. कोण बंब घडवितो, कोण समया व देवघरातील मूर्ती करतो, कल्हई कोणाकडे होते, हे त्यात स्पष्ट लिहावे. अशी सूची परक्या माणसालाही उपयोगी पडते, म्हणून तेथून जाणारा दुवा सरळ आणि सन्मानाचा ठरतो. आपल्या स्मरणिकेतील जाहिराती संघाच्या स्थळावर चढविताना मात्र एक काळजी घ्यावी. पैसे घेऊन दिलेला दुवा ‘प्रायोजित’ आहे अशी खूण त्यामागे ठेवण्याची सोय २०१९ पासून आहे. चिटणिसांनी ती अवश्य वापरावी.

स्थानिक गिऱ्हाइकासाठी गूगलवर व्यवसायाची नोंद करता येते, आणि ती विनामूल्य आहे. जवळचे दुकान दाखविताना प्रश्नाशी असलेला संबंध, अंतर आणि दुकानाची ख्याती या तीन गोष्टी पाहिल्या जातात. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन आहेत. नाव पाटीवर आहे तेच द्यावे, ‘पुण्यातील सर्वोत्तम’ असे शेपूट त्याला लावू नये. वेळा खऱ्या लिहाव्यात. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल तर तसे लिहावे. त्यावरून पुण्याची थट्टा व्हावयाची ती झालेलीच आहे.

सशुल्क जाहिरातींचा मार्गही आहे. त्यात बहुधा दर टिचकीमागे पैसे पडतात, आणि पैसे थांबले की जाहिरात थांबते. सणासुदीपूर्वी थोडी रक्कम ठरवून ती करण्यास हरकत नाही. परंतु जाहिरात दिल्याने मूळ यादीतील आपला क्रम वर सरकत नाही, हे ध्यानात असू द्यावे. अलीकडे, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, आपल्या देशातही काही प्रश्नांना गूगल यादीच्या वर स्वतःच तयार केलेले उत्तर देऊ लागले आहे. त्यामुळे नुसती माहिती हवी असणारा कदाचित आपल्या पानापर्यंत येणार नाही. ज्याला भांडे विकत घ्यावयाचे आहे त्याला मात्र कोठे तरी जावेच लागते.

राहता राहिला दलालांचा प्रश्न. ‘तीस दिवसांत पहिला क्रमांक’ असा दूरध्वनी आपल्यापैकी बहुतेकांना येऊन गेला असेल. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते; आणि योग्य सुधारणांचे फळ दिसावयास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असेही त्यांचे म्हणणे आहे. माझ्या चुलतभावाने अशाच एका संस्थेला काम दिले. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. तिने स्थळाचा पत्ता स्वतःच्याच नावावर नोंदविला. दोन वर्षांनी त्याने काम काढून घेतले तेव्हा पत्ताही गेला. बिलांवर, पिशव्यांवर, लग्नाच्या भांड्यांच्या खोक्यांवर छापलेला तो पत्ता आज दुसरेच काही दाखवितो. त्याच्या वडिलांना हे समजावून सांगताना आम्हा दोघांनाही शब्द सापडेनात. कारण दुकानाची पाटी कोणी उतरवून नेऊ शकतो, ही गोष्टच त्या पिढीच्या कल्पनेत बसत नाही. तेव्हा पत्त्याची नोंद, गूगलवरील व्यवसायाची नोंद आणि सर्च कन्सोल ही तिन्ही खाती मालकाच्या नावावर असली पाहिजेत. काम करणाऱ्याला फक्त प्रवेश द्यावा. सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन असून कोणत्या शब्दांवर आपले पान दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे त्यात दिसते. महिन्याची जमाखर्चाची वही आपण पाहतोच. त्याच दिवशी हेही पाहावे.

सूचीसाठी माहितीचे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. दुकानाचे पाटीवरील नाव, पत्ता, वेळा आणि आपण स्वतः काय घडविता ते भरून भोजनापूर्वी चिटणिसांकडे द्यावे. ज्यांच्या स्थळाच्या पत्त्याची नोंद कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसेल, त्यांनी मला दुपारी भेटावे. ते आपण येथेच बसून पाहू.